न्यूट्रलमधलं बटण

न्यूट्रलमध्ये बटण टाकलं म्हणून एका माणसाच्या मी कानाखाली वाजवली होती. भर कारखान्यात, सगळ्यांसमोर. आज रिटायर झालोय, केस पिकलेत, तरी त्या थपडेचा मला पश्चात्ताप नाही. पश्चात्ताप दुसऱ्याच गोष्टीचा आहे, आणि त्यात मी कोणाला बोटसुद्धा लावलं नव्हतं.

मी शिवदास. अंधेरीच्या एमआयडीसीत मशीनची कंट्रोल पॅनेल बनवायच्या कारखान्यात एकतीस वर्षं वायरमन होतो. राहायला दिंडोशीच्या वसाहतीत. आमच्या धंद्यातली पहिली गोष्ट आधी सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. दिव्याला दोन वायरी जातात. फेजमधून करंट येतो, न्यूट्रलमधून परत जातो. बटण नेहमी फेजवर टाकायचं. न्यूट्रलवर टाकलं तरी दिवा विझतोच, पण करंट आत तसाच बसून राहतो. आमच्या गुणाजीने असंच एकदा बटण बंद केलं, मशीन बंद पडलं, म्हणून शिडीवर चढून बिनधास्त आत हात घातला. कोणीतरी बटण न्यूट्रलमध्ये टाकून ठेवलं होतं. गुणाजी शिडीवरून फेकला गेला आणि कमरेत कायमचा वाकला. ज्याने वायरिंग केलं होतं त्याला मी शोधून काढलं, आणि ती थप्पड त्याची.

तेव्हापासून ही गोष्ट माझ्या हाडात बसली. कोणाच्याही घरी गेलो की पहिली नजर स्विचबोर्डकडे. बायको नीला म्हणायची, तुम्ही चहा प्यायला येता की तपासणी करायला?

आता दर्शनाचं सांगतो. दर्शना म्हणजे माझी भाची, धाकट्या बहिणीची, सपनाची मुलगी. बोरीवलीला राहतात. पोरीला सायन्सला जायचं होतं, पण दहावीला मार्क कमी पडले, मग आर्ट्स. बीए झाली आणि एका कुरियरच्या ऑफिसात पाकिटांवर लेबलं चिकटवायला लागली. लहानपणापासून माझ्या हत्यारांच्या पेटीत हात घालायची. टेस्टर कसा धरायचा, स्क्रू किती आवळायचा, वायर सोलताना आतली तार कापायची नाही, हे सगळं मी शिकवलेलं. माझ्या दोन्ही मुलांना यातलं काडीचं प्रेम नाही. त्यामुळे खरं सांगायचं तर ही माझी वारस होती. आणि तिच्या लेखी मामा म्हणजे विजेतला शेवटचा शब्द.

आमच्या विहाराच्या वरच्या मजल्यावर अभ्यासिका आहे. तिथे कोणीतरी एक इवलासा कॉम्प्युटर देऊन ठेवला होता. पत्त्याएवढं कार्ड, कडेला सुयांसारख्या पिना. कोणी हात लावत नव्हतं. दर्शना दर रविवारी आमच्याकडे जेवायला यायची आणि नंतर तिथे जाऊन बसायची. मोबाईलवर बघून बघून काहीतरी शिकत होती. एक दिवस मला ओढत घेऊन गेली.

"मामा, बघ ना. इथे लिहिलं 'एलईडी डॉट ऑन'. आणि हा बघ, लागला!"

एक लाल दिवा, हरभऱ्याएवढा. लागला खरा.

"बस? एवढंच?"

"एवढंच. 'डॉट ब्लिंक' लिहिलं की मिचमिचतो. बटणासाठीपण तसंच. आतलं किचकट सगळं लायब्ररीत, म्हणजे तयार प्रोग्रॅमच्या संचात, आधीच कोणीतरी लिहून ठेवलंय. आपण फक्त नाव घ्यायचं आणि सांगायचं. ज्यांना काहीच येत नाही ना, त्यांच्यासाठीच बनवलीय."

"काहीच येत नाही त्यांनी विजेला हात लावू नये," मी म्हणालो.

ती हसली. तिला वाटलं मी मस्करी करतोय. मी मस्करी करत नव्हतो. च्यायला, आम्ही एक रिले, म्हणजे करंटने ओढलं जाणारं बटण, जोडायला शिकलो तेव्हा उस्तादाच्या शिव्या खाल्ल्या, सहा महिने नुसत्या वायरी सोलल्या. आणि ही पोर एका ओळीत दिवा लावते आणि टाळ्या वाजवते. माझ्या डोक्यात गेलं ते. आज कबूल करतो, त्यात थोडी जळजळ होती. तेव्हा मी त्याला शिस्त म्हणत होतो.

सपनाच्या शेजारी रुक्मिणीबाई राहतात. देवगडकडच्या. नवरा गिरणीत होता, गिरणी गेली तशी बाईंनी शिवणाचं मशीन काढलं. आता कानाने कमी ऐकू येतं, त्यात मशीनचा आवाज. गिऱ्हाईक दार वाजवून वाजवून परत जायचं आणि मग खाली सगळ्यांना सांगायचं, बाई घरात नसतात. दर्शनाने अभ्यासिकेतलं ते कार्ड मागून आणलं आणि त्यांच्यासाठी एक डबा बनवला. दाराबाहेर बटण, आत मशीनच्या डोक्यावर दिवा. बटण दाबलं की दिवा दहा वेळा मिचमिचणार. आठ दिवस तो डबा तिथे लावून ठेवला आणि आठही दिवस चालला. रुक्मिणीबाई सपनाच्या दारात येऊन सांगून गेल्या, "गो बाय माझे, आता दार वाजलेला माका दिसता!"

त्याच सुमारास घाटकोपरच्या एका संस्थेची जाहिरात आली. वस्त्यांमध्ये मुलींसाठी अशा छोट्या लॅब काढायच्या होत्या आणि शिकवायला माणसं हवी होती. डिग्री नको, डिप्लोमा नको. स्वतः केलेली एक वस्तू घेऊन या आणि दहा मिनिटांत समजावून सांगा, एवढीच अट. दर्शनाने लगेच मला फोन केला. "मामा, मार्क विचारतच नाहीत रे! वस्तू बघणार फक्त." दहावीपासून तिला जिथे तिथे मार्कच विचारले होते. कुरियरच्या लेबलांतून बाहेर पडायचा तिला एवढाच एक दरवाजा दिसत होता, आणि तो उघडा होता.

तिथे डबा दाखवायला जायच्या आदल्या संध्याकाळी ती आमच्याकडे राहायला आली. मी डबा उघडून बघितला. आत ते कार्ड, बाजूला भोकाभोकांची पांढरी पट्टी, तिच्यात दिवा आणि वायरी खोचलेल्या. पट्टीच्या कडेला भोकांच्या दोन रांगा होत्या, लाल रेघेची प्लसची आणि निळ्या रेघेची ग्राउंडची. ग्राउंड म्हणजे आपल्या भाषेत परतीची वायर. आणि बटणाची काळी वायर सरळ त्या निळ्या रांगेत.

"हे काय? बटण परतीच्या वायरीवर?"

"मामा, यात तसंच असतं. लायब्ररीत तसं धरलेलं आहे."

"लायब्ररी गेली खड्ड्यात. मी तुला काय शिकवलं?"

"अरे, तीन व्होल्टवर चालतंय हे. कोणाला शॉक बसणार?"

"तीन व्होल्ट असो नाहीतर तीनशे. सवय एकच असते."

नीला आतून ओरडली, "अहो, पोरीला जेवू द्या!" आणि विषय तिथेच राहिला. दर्शनाने झोपायच्या आधी बटण पाच-सहा वेळा दाबून बघितलं. सकाळी निघतानाही दाबलं. दर वेळी दिवा मिचमिचला.

आम्ही दिंडोशीहून मेट्रोने गुंदवली आणि तिथून पुढची मेट्रो पकडून घाटकोपरला गेलो. मध्ये तपासणीच्या जागी वायरींचा डबा बघून माणसाने आम्हाला बाजूला घेतलं. त्याचं काम त्याला करायचंच होतं. दर्शनाने डबा उघडला, पॉवर बँक लावून कार्ड चालू केलं, बटण दाबून दिवा दाखवला, तो हसून म्हणाला, "अच्छा है, जाओ." मागे रांग खोळंबली होती, तिने घाईघाईत झाकण लावलं. त्यात एक वायर झाकणात अडकून ओढली गेली असणार. आम्हाला कळलं नाही.

संस्थेत गेल्यावर तिला फॉर्म भरायला बोलावलं. डबा माझ्या मांडीवर. मला कुठे स्वस्थ बसवतंय, मी झाकण उघडलं. बघतो तर बटणाची काळी वायर निघून लोंबकळतेय. म्हटलं, बरं झालं बघितलं, नाहीतर आत वाट लागली असती. वायर कुठली, कुठे होती, सगळं मला ठाऊक होतं. निळी रांग. कालच बघितलेली.

हात निळ्या रांगेपर्यंत गेला. आणि थांबला.

मला गुणाजी आठवला. खरंच आठवला, उगाच सांगत नाही. वाटलं, आत तीन जाणकार माणसं बसलीत, त्यांनी हे न्यूट्रलमधलं बटण बघितलं तर पोरीचं हसं होईल. म्हणतील, हिला कोणी शिकवलं? मी ती वायर लाल रांगेत खोचली. प्लसवर. बटण दाबलं की करंट पिनेकडे जाणार, चोख काम. एकाच भोकाचा काय तो फरक. दाबून बघावं असंही मनात आलं, पण कार्ड बंद होतं. आणि माझ्या वायरिंगला दाबून बघायची गरज कुठे होती?

दर्शना आली, डबा घेतला. मी सांगणार होतो. पण म्हटलं, आता सांगितलं तर गोंधळेल. बाहेर आल्यावर सांगू, की बाई गं, मामाने तुझी अब्रू वाचवली. हे वाक्यसुद्धा माझं तयार होतं.

दाराला काच होती. मी बाकड्यावरून आत बघत होतो. सुरुवातीला झकास चाललं होतं. ती स्क्रीनवरच्या ओळी दाखवत होती, हातवारे करत होती, समोरच्या बाई मान डोलावत होत्या. रुक्मिणीबाईंची गोष्ट सांगितली असणार, कारण ते तिघे हसले. मग तिने बटण त्या बाईंच्या हातात दिलं. बाईंनी दाबलं. परत दाबलं. दर्शनाने बटण घेतलं आणि स्वतः दाबलं. मग ती स्क्रीनकडे वळली, ओळी वर-खाली केल्या, परत दाबलं. दाबतच राहिली. शेवटी ती नुसती उभी राहिली, दोन्ही हात खाली सोडून.

बाहेर आली तेव्हा रडत नव्हती. म्हणाली, "त्यांनी विचारलं, का चालत नाही ते शोधून दाखव. मला नाही शोधता आलं. ते म्हणाले, शिकवणाऱ्याला बिघाड शोधता यायला पाहिजे."

"बरोबर आहे त्यांचं," मी म्हणालो.

हे मी म्हणालो. माझ्या तोंडाने. मला तेव्हा एका क्षणालाही वाटलं नाही की बिघाड माझा आहे. उलट मनात आलं, मी वायर सुधारूनसुद्धा चाललं नाही, म्हणजे मुळातच काहीतरी कच्चं होतं. येताना रिक्षात मी अख्ख्या रस्त्याने तिला भाषण दिलं. हे असलं तयार खाऊन पोट भरत नाही. पाया पक्का कर. आयटीआयला जा, वायरमनचा कोर्स कर, मी ओळख काढतो. ती बाहेर बघत होती. एकदाच बोलली.

"सकाळी चालत होतं, मामा."

"सकाळी नशिबाने चाललं असेल."

पुढच्या रविवारी तिने कार्ड अभ्यासिकेत परत दिलं. डबा रुक्मिणीबाईंच्या दारात परत काही लागला नाही. मी सपनाला म्हणालोसुद्धा, बरं झालं, खूळ गेलं. कुरियरची नोकरी सुटली आणि दर्शना बोरीवलीला एका चष्म्याच्या दुकानात लागली. आमच्याकडे जेवायला यायची, पण अभ्यासिकेची पायरी चढली नाही. आणि मी, मूर्ख माणूस, दर वेळी तोच पाढा. पाया पक्का कर. ती घास हातात धरून माझ्याकडे बघत राहायची, जरा जास्तच वेळ. मला वाटायचं ऐकतेय.

अशी दोन वर्षं गेली. मी रिटायर झालो. यंदा विहाराच्या कमिटीने ठरवलं की वसाहतीतल्या बायका-मुलींसाठी शनिवारचा वर्ग सुरू करायचा, आणि शिकवायला आली घाटकोपरच्या त्याच संस्थेची एक मुलगी, गंधाली नावाची. कमिटीवाले म्हणाले, शिवदासराव, तुम्ही जाणकार, तुम्ही मदतीला बसा. मी मागच्या खुर्चीवर हाताची घडी घालून बसलो. तीच पांढरी पट्टी, तेच पत्त्याएवढं कार्ड, तीच लायब्ररी.

गंधाली म्हणाली, "काका, तुम्ही बटण जोडून दाखवता का सगळ्यांना?"

मी उठलो, रुबाबात. एक टोक पिनेला, दुसरं लाल रांगेत. फेजवर बटण, हे पण बायकांना दोन वाक्यांत सांगून टाकलं, गुणाजीसकट. आणि दाबलं.

काही नाही.

परत दाबलं. वायर हलवली. बटण बदललं. दुसरं कार्ड मागितलं. "तुमचा माल खराब आहे," मी म्हणालो, चांगला मोठ्याने. बायका तोंडाला पदर लावून हसायला लागल्या.

गंधालीने वाकून बघितलं आणि लाल रांगेतली वायर उचलून निळ्या रांगेत खोचली. "आता दाबा."

दिवा मिचमिचायला लागला.

"काका, ही लायब्ररी असं धरून चालते की बटणाचं दुसरं टोक ग्राउंडला आहे. कोणी हात लावला नाही तर ती पिन स्वतःच वर ओढून ठेवते. दाबलं की पिन खाली येते, आणि खाली आली की तिला कळतं, दाबलं. तुम्ही प्लसला लावलंत तर पिन वरची वरच राहते. कितीही वेळा दाबा, तिला काही कळणार नाही."

कितीही वेळा दाबा.

मी खुर्चीवर बसलो. काचेपलीकडची दर्शना दिसायला लागली, बटण दाबणारी, परत दाबणारी. तिचं काही कच्चं नव्हतं. कच्चा मी होतो. एकतीस वर्षांचा पक्का माणूस एका भोकाने चुकला, आणि त्याच्या आदल्या संध्याकाळी त्या पोरीने मला तोंडाने सांगितलं होतं की मामा, यात तसंच असतं.

वर्ग सुटल्यावर मी गंधालीला गाठलं. विचारलं, तुमच्या संस्थेत अजून माणसं घेतात का, पूर्वीसारखी, नुसती वस्तू बघून?

"नाही काका. आता इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा लागतो. पूर्वी घ्यायचे तसं, पण ते पहिल्या वर्षीच. का हो?"

"काही नाही," मी म्हणालो.

घरी येऊन नीलाला सगळं सांगितलं. ती भाजी निवडत होती, ती तशीच ठेवली आणि माझ्याकडे बघत बसली. म्हणाली, "मग? मला काय सांगताय? जिला सांगायचं तिला सांगा जाऊन."

"दोन वर्षं झाली गं. आता सांगून काय होणार? तिला तरी ठाऊक नाही ते बरंय."

"तुम्हाला बरंय," नीला म्हणाली.

तिच्या तोंडाला कोण लागणार? आणि खरं बोलली ती. दोन दिवस मी टाळाटाळ केली. एकदा फोन हातात घेऊन ठेवून दिला. एकदा मेट्रो स्टेशनपर्यंत जाऊन परत आलो आणि नीलाला सांगितलं की पाय दुखतोय. तिसऱ्या दिवशी तिने माझा शर्ट इस्त्री करून दारामागे लावून ठेवला. तो घालून गेलो.

चष्म्याचं दुकान बोरीवली स्टेशनच्या बाजूच्या गल्लीत आहे. दुपारची वेळ, गिऱ्हाईक नव्हतं. दर्शना काउंटरमागे बसून फ्रेमा पुसत होती. मला बघून उठली.

"जय भीम, मामा! आज इकडे कुठे? चष्मा करायचाय का?"

"जय भीम. बस, बस. तुझ्याशी बोलायचंय."

रस्त्याने येताना मी सगळं जुळवून ठेवलं होतं. गुणाजीपासून सुरुवात करायची, मग मेट्रोतलं झाकण, मग हळूच वायर. तिचा चेहरा बघितला आणि सगळं विसरलो. एकदम बोलून टाकलं.

"दर्शना, त्या दिवशी घाटकोपरला तुझं बटण चाललं नाही, ते माझ्यामुळे. वायर निघाली होती. मी ती निळ्याऐवजी लाल रांगेत टाकली. तू फॉर्म भरत होतीस तेव्हा. तुझी काही चूक नव्हती, बाळा. तुझं सगळं बरोबर होतं. मी घालवलं तुझं काम."

तिने फ्रेम खाली ठेवली. मला वाटलं, आता रडेल, ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं. पण ती एकदम सैल होऊन स्टुलावर बसली, आणि, माझा विश्वास बसेना, थोडी हसली.

"बोललास एकदाचा," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"मला ठाऊक होतं रे. त्याच संध्याकाळी कळलं. घरी जाऊन डबा उघडला तर वायर लालमध्ये. तिथे मी येड्यासारखी प्रोग्रॅममध्ये शोधत बसले, सकाळी चाललेल्या वायरिंगवर कशाला संशय घेऊ? निळ्यात टाकली, चाललं. आईला सांगितलं नाही, कोणालाच नाही. संस्थेला तरी फोन करून काय सांगू, माझ्या मामाने वायर बदलली? डबा तुझ्याशिवाय कोणाच्या हातात नव्हता."

"मग मला का नाही बोललीस? शिव्या घालायच्या होत्यास!"

"तू सांगशील म्हणून थांबले. पहिल्या रविवारी वाटलं आज सांगेल. मग वाटलं, मामा आहे, मोठा माणूस आहे, त्याच्या तोंडून निघत नसेल. तू पाया पक्का कर, पाया पक्का कर म्हणायचास ना, तेव्हा मी तुझ्याकडे बघायचे. मला वाटायचं आतल्या आत याला खातंय, म्हणून हा एवढं बोलतोय. मी कार्ड परत केलं त्या दिवशी खूप राग आला होता. नंतर गेला. म्हटलं, लाजतोय बिचारा. लाज वाटते म्हणजे त्याला कळलंय."

आणि इथे मी गप्प बसलो असतो तर? नुसती मान खाली घातली असती, हो बाळा, लाजत होतो म्हणालो असतो, तर तिने उठून मला चहा पाजून पाठवलं असतं. हे मला तिथल्या तिथे कळत होतं. पण एवढ्यासाठीच आलो होतो ना खरं बोलायला.

"मला माहीत नव्हतं गं," मी म्हणालो. "शपथेवर सांगतो. मला परवा कळलं, विहारातल्या वर्गात. तोवर मला वाटत होतं मी तुझं बटण सुधारलं, आणि तरीही ते चाललं नाही, म्हणजे तुझंच काहीतरी..."

तिचं हसू गेलं. हळूहळू गेलं, मला बघता येईल असं.

"परवा?"

"शनिवारी."

"म्हणजे दोन वर्षांत तू एकदाही बघितलं नाहीस? का चाललं नाही ते?"

कारखान्यात एखादं पॅनेल बंद पडलं तर कारण सापडेपर्यंत मी जेवायला उठत नसे. फोरमन हात जोडायचा, शिवदास, बाबा, उद्या बघू. हिचं चाललं नाही, आणि मी रिक्षा केली.

तेवढ्यात एक बाई दुकानात शिरल्या, जवळचं दिसत नाही म्हणाल्या. दर्शना उठली. त्यांना बसायला सांगितलं, तपासायचा कागद काढला, पेन शोधलं. मी म्हणालो, "दर्शना, मी काहीतरी करतो. त्या गंधालीशी परत बोलतो, तू शनिवारी ये, वर्गात..."

"शनिवारी सुट्टी नसते मला," ती म्हणाली. मग बाईंना ऐकू जाऊ नये म्हणून आवाज उतरवला. "तू लाजेने बोलला नाहीस असं समजून मी तुला माफ करून बसले होते, मामा. तू तर बघितलंच नव्हतंस."